लिफ्टसाठी तीनशे बारा शब्द

आमच्या इमारतीत मला सगळे ‘ग्रंथपाल’ म्हणतात. मी ग्रंथपाल कधीच नव्हतो. एका मोठ्या ग्रंथालयात चौतीस वर्षं मी पुस्तकांची कार्डं लिहीत होतो. पुस्तक आलं की त्याचं नाव, लेखकाचं नाव, पानं आणि कपाटाचा क्रमांक जाड कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहायचा आणि कार्ड खणात लावायचं, एवढंच काम. पुस्तक वाचणं त्यात बसत नव्हतं. ते मी घरी येऊन करत असे. पण इथे राहायला आलो त्या दिवशी सामान उतरवताना कुणीतरी विचारलं, ‘‘आपण काय करता?’’ मी ‘‘ग्रंथालयात...’’ एवढंच म्हणालो आणि पुढचं वाक्य जुळवेपर्यंत तो गृहस्थ ‘‘वा! ग्रंथपाल!’’ म्हणून निघूनही गेला. त्याला अठरा वर्षं झाली. दुरुस्ती करायला मला अजून योग्य वेळ सापडलेली नाही.

शिक्षा मात्र सापडली, आणि तीही लिफ्टच्या रूपाने.

आमची लिफ्ट बंद पडली नव्हती, बंद ठेवली होती. हा फरक सेक्रेटरी प्रत्येकाला थांबवून समजावत असत. लिफ्ट ठणठणीत होती, पण तिचा परवाना संपला होता आणि तपासणी कार्यालयातून अधिकारी येऊन प्रमाणपत्र देईपर्यंत तिला कुलूप होतं. अर्ज दोनदा परत आला होता. पहिल्यांदा मजल्यांची संख्या अंकांत लिहिली होती, अक्षरांत नव्हती म्हणून. दुसऱ्यांदा अक्षरांत लिहिली होती, अंकांत नव्हती म्हणून.

माझं स्वतःचं काही अडलं नव्हतं. मी तळमजल्यावर, दोन नंबरमध्ये राहतो. अडलं होतं ते चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, दवाखान्यातून त्या लिफ्टने वर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टला कुलूप लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सपाट रस्त्यावर चालायचं आणि जिन्याला पाय लावायचा नाही. चौथ्या मजल्यावर सपाट रस्ता नसतो. बाईंनी बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून सोडली होती. दूध, औषधं, वर्तमानपत्र तिच्यातून वर जाई. जे टोपलीत मावत नसे ते जगातून वजा झालं होतं.

एका सकाळी सेक्रेटरी माझ्या दारात उभे राहिले.

‘‘ग्रंथपाल, आपल्या अर्जात वजन नाही,’’ ते म्हणाले. ‘‘साधी भाषा. साध्या भाषेला कोण भीक घालतं? जबरदस्त इंग्रजीत पत्र गेलं पाहिजे. वाचणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. कमिटीने ठराव केलाय, पत्र तुम्ही लिहायचं.’’

‘‘मी म्हणजे... माझं इंग्रजी तसं...’’

‘‘नम्रता पुरे. अख्खं आयुष्य पुस्तकांत गेलं तुमचं!’’ आणि ते जिना चढू लागले.

आत बायको सगळं ऐकत होती. ती टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं ऑपरेटर होती. समोरच्याचं बोलणं कुठे तोडायचं हे तिला कळतं, आणि घरात मीच बहुधा समोर असतो.

‘‘अहो, तुम्हाला इंग्रजी पत्र लिहिता येतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग नाही म्हणायचं.’’

‘‘ते बोलतच होते गं.’’

‘‘ते दोन मिनिटं बोलले. तुम्ही अठरा वर्षं गप्प आहात.’’

इंग्रजी शब्द मला माहीत होते, पण पोस्टमनला माणसं माहीत असतात तसे. पत्ता पक्का, आत बसून कधी चहा घेतलेला नाही. हजारो इंग्रजी पुस्तकांची नावं मी हाताने लिहिली होती. त्यांतल्या निम्म्यांचा अर्थ मला लागला नव्हता आणि तो विचारायचा कुणाला, हा संकोच होता. तेव्हा, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, मी इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचं ठरवलं.

बातमी जिन्यावरून पसरली. दुसऱ्या मजल्यावर, सात नंबरमध्ये, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तीस वर्षं शिकवलेले एक गृहस्थ राहतात. जिन्यात मुलं धावली तरी ते ‘‘ब्रेक! ब्रेक!’’ ओरडतात, म्हणून त्यांना सगळे ब्रेककाका म्हणतात. ते म्हणाले, ‘‘इंग्रजी म्हणजे गाडीच, ग्रंथपाल. आधी आरसे बघायचे. मग पहिला गिअर. क्लच हळू सोडायचा.’’ इंग्रजीत क्लच कुठे असतो हे त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या पाच नंबरच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, इंग्रजी बातम्या लावत जा. आवाज मोठा ठेवा, म्हणजे खिडकीतून आम्हालाही येईल.’’ आणि जाता जाता माझा जाडजूड शब्दकोश उसना घेऊन गेल्या. मला वाटलं, कुणाला तरी अभ्यासाला हवा असेल. चार दिवसांनी काही कामाने वर गेलो तेव्हा तो शिवणयंत्राच्या एका पायाखाली होता. यंत्र अजिबात हलत नव्हतं. परत मागायला गेलो असतो तर चालू ब्लाउज वाकडा झाला असता, असं मनाला समजावून मी खाली आलो.

शेवटी रद्दीच्या दुकानात मला एक पुस्तक मिळालं. त्याचं मुखपृष्ठ आणि पहिली आठ पानं गेलेली होती, त्यामुळे पुस्तकाचं नाव मला आजतागायत माहीत नाही. चौतीस वर्षं पुस्तकांची नावंच लिहिलेल्या माणसाने निनावी पुस्तक उशाशी घेऊन झोपणं किती क्लेशाचं असतं, हे ज्याने त्याने आपापल्या धंद्यावरून ओळखावं. पण पुस्तक गुणी होतं. शब्द पाठ करू नका, असं त्यात बजावलं होतं. आधी शब्दाची व्याख्या लिहा, मग तो शब्द वापरून आपल्या रोजच्या आयुष्यातल्या एखाद्या माणसाबद्दल एक वाक्य लिहा. वाक्य खरं पाहिजे. खोटं वाक्य लक्षात राहत नाही.

ग्रंथालयात संगणक आले तेव्हा कोरी कार्डं टाकून देणार होते. मी रीतसर परवानगी घेऊन, पावतीवर सही करून, त्यांतली दोन हजार घरी आणली होती. सोबत तीन लाकडी खणही. आता ती कार्डं निघाली. वर शब्द, खाली व्याख्या, त्याखाली खरं वाक्य. रोज दहा.

अडचण एवढीच की माझ्या रोजच्या आयुष्यात माणसं फार नाहीत. बायको, मी आणि जिन्यावर भेटतात ती. ‘लोक्वेशस’ म्हणजे अती बोलणारा. यावर वाक्य कुणाबद्दल लिहिणार? ‘सात नंबरच्या गृहस्थांना दुसऱ्या मजल्यावरून खाली यायला दोन मिनिटं लागतात आणि बोलत आले तर वीस.’ ‘रेसिप्रोकेट’ म्हणजे घेतल्याची परतफेड करणं. ‘पाच नंबरने गेल्या वर्षी नेलेल्या आमच्या शिडीची परतफेड अद्याप झालेली नाही.’ ‘पॉम्पस’ म्हणजे स्वतःला फार मोठा समजणारा. ‘दहा नंबरचे सेक्रेटरी सूचना फलकावर लावतात आणि मग समोर उभे राहून स्वतःच मोठ्याने वाचतात.’ ही सगळी वाक्यं अर्थात इंग्रजीत होती. इथे मी त्यांचा मराठी आशय देतोय. मला कुणाला दुखवायचं नव्हतं. मला फक्त शब्द लक्षात ठेवायचे होते, आणि ते विलक्षण लक्षात राहत होते. जन्मभर तोंडातून न निघालेली वाक्यं अशी एकेक करून कार्डावर उतरायला लागली की माणसाला रात्री शांत झोप लागते. माझी भूकही वाढली.

दीडशे कार्डं झाली आणि माझी जुनी खोड जागी झाली. शब्द वर्णानुक्रमे लावले होते, ते ठीक. पण उद्या एखाद्याला सात नंबरबद्दलचे सगळे शब्द एकत्र हवे असले तर? असा कुणी येणार नव्हता हे मलाही कळत होतं. पण ग्रंथालयातही मी जी सूची करायचो तिला विचारायला कितीसे लोक येत? सूची ही वाचकासाठी नसते, ती सूचीसाठी असते. म्हणून मी दुसरा खण घेतला आणि घरक्रमांकानुसार सूची केली. ‘घर क्र. सात: लोक्वेशस, डिग्रेस (म्हणजे विषय सोडून भरकटणं), व्हॉल्यूम. हेही पाहा: जिना.’ प्रत्येक वाक्य पुन्हा नीट उतरवून. असं काम माझ्या हातून नोकरीतसुद्धा झालं नव्हतं.

महिन्याभरात तीनशे बारा शब्द झाले आणि मी पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य सदतीस शब्दांचं होतं. सेक्रेटरींना घाम हवा होता, तो मी पुरवला. ‘लिफ्ट’ हा शब्द मला फारच किरकोळ वाटला, म्हणून तिला मी ‘उभ्या दिशेने वाहतूक करणारं साधन’ असं भारदस्त इंग्रजीत म्हटलं. सेक्रेटरींनी पत्र तीनदा वाचलं. ‘‘काही कळलं नाही,’’ ते आनंदाने म्हणाले, ‘‘उत्तम!’’

बावीस दिवसांनी उत्तर आलं. आमचा अर्ज वाहन विभागाकडे वर्ग करण्यात आला होता. सदर साधनाचा नोंदणी क्रमांक, चालकाचा परवाना आणि धूर तपासल्याचं प्रमाणपत्र त्वरित सादर करावं, अन्यथा साधन जप्त करण्यात येईल.

मी ते पत्र हातात धरून खुर्चीत बसलो. बायकोने माझ्या खांद्यावरून वाचलं.

‘‘धूर निघतो का हो लिफ्टमधून?’’

मी पत्राची घडी घातली.

‘‘बाईंना आज एक्याण्णव दिवस झाले,’’ ती म्हणाली आणि आत गेली. तिने एवढंच म्हणायला नको होतं. एक्याण्णवातले पन्नासच्या वर माझ्या शब्दसंग्रहात गेले होते.

दुसऱ्या दिवशी ब्रेककाका आणि मी वाहन विभागात गेलो. ब्रेककाकांचा तिथे तीस वर्षांचा राबता. ‘‘सगळे आपलेच विद्यार्थी,’’ म्हणत ते खिडक्यांवरून खिडक्यांवर गेले. पाचव्या खिडकीतल्या बाईंनी आमचं पत्र उलटसुलट पाहिलं.

‘‘चाकं किती?’’ त्यांनी विचारलं.

‘‘चाकं नाहीत हो, लिफ्ट आहे ती,’’ ब्रेककाका म्हणाले.

‘‘मग इथे का आलात?’’

‘‘तुम्हीच बोलावलंत!’’

‘‘आम्ही वाहनाला बोलावलंय. तुम्हाला नाही.’’ आणि त्यांनी एका छापील कागदावर शिक्का मारला: वाहन तपासणीसाठी सकाळी दहाच्या आत कार्यालयाच्या आवारात उभं करावं.

परतताना ब्रेककाका आयुष्यात पहिल्यांदा गप्प होते. मला त्याचाही दोष माझाच वाटला.

घरी आलो तर टेबल मोकळं. तिन्ही खण गायब.

‘‘अगं, माझी कार्डं?’’

‘‘बाईंकडे पाठवली. टोपलीतून, तीन फेऱ्यांत. फोन आला होता त्यांचा. वर्तमानपत्र जाहिरातींसकट दोनदा वाचून झालं म्हणाल्या, काहीतरी द्या. म्हटलं, यांचे शब्द आहेत.’’

‘‘तिन्ही खण?’’

‘‘शब्दच आहेत ना त्यात?’’

मी ‘‘हो’’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग चपला घालून चार मजले चढलो. वाटेत तीनदा बसलो. बाईंच्या दारापाशी पोचेपर्यंत काय बोलायचं ते पाठ केलं होतं; बेल वाजवल्यावर ते विसरलो.

‘‘कोण?’’ आतून आवाज आला.

‘‘मी. दोन नंबर. ती कार्डं जरा...’’

‘‘अजून तपासून झालेली नाहीत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘झाली की मिळतील.’’

छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला दाराबाहेरून उलट उत्तर देण्याची माझ्यात छाती नाही. मी खाली आलो.

आता पुढे जे घडलं त्याचा दोष कुणाला द्यावा? दोरीला द्यावा लागेल. तीन खण वर ओढताना टोपलीची दोरी उसवली होती. म्हणून बाईंनी तपासलेली कार्डं परत द्यायला, त्यांच्याकडे सही घ्यायला आलेल्या सेक्रेटरींच्या हाती दिली. लिफ्ट चालू असती तर ते चौथ्यावरून थेट तळमजल्यावर आले असते. पण लाकडी खण जड. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर टेकले. टेकलेला माणूस हाताशी असेल ते चाळतो. वरचाच खण घरक्रमांकांचा होता, आणि मी तो इतका व्यवस्थित लावला होता की कुणालाही आपलं घर दहा सेकंदांत सापडावं. त्या कामाची वाहवा चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी झाली, पण मी ऐकायला नव्हतो.

सेक्रेटरी उठले ते दुसऱ्या मजल्यावर ब्रेककाकांना दाखवायला थांबले. ब्रेककाका वहिनींना दाखवायला पहिल्या मजल्यावर आले. वहिनींनी शिवणयंत्राखालून माझा शब्दकोश काढला. इतके दिवस तिथे पडून होता, तो माझ्याविरुद्ध उपयोगी पडला.

संध्याकाळी पाचला माझ्या नावाने नोटीस आली, खुलासा करण्याची. सभा जिन्यातच होती. प्रत्येक जण आपापल्या मजल्याच्या मानाने वरच्या-खालच्या पायरीवर बसला होता आणि मी सगळ्यांच्या खाली, आमच्या दारासमोर उभा. बायको उंबऱ्यात.

‘‘पॉम्पस!’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘ग्रंथपाल, मी पॉम्पस? मी, जो या इमारतीचं काम विनामूल्य करतो?’’

‘‘दुसरं कार्डही आहे तुमचं,’’ मी कसाबसा म्हणालो. ‘‘डिलिजंट. म्हणजे कष्टाळू. पहाटे कुणी नसताना तुम्ही जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घालता, ते.’’

‘‘ते तुम्ही कधी पाहिलंत?’’

‘‘रोज पाहतो.’’

सेक्रेटरी क्षणभर अडखळले, पण वहिनींनी सूत्रं हाती घेतली. ‘‘भाऊजी, शिडी हवी होती तर तोंडाने मागायची! इंग्रजीतून कसली मागता? वर अख्ख्या जगाला वाचायला!’’

‘‘मी वीस मिनिटं बोलतो?’’ ब्रेककाका म्हणाले. ‘‘वीस? परवाची गोष्ट घ्या, मी खाली येत होतो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे ते भेटले, त्यांच्या मेव्हण्याची गाडी...’’ आणि ते सहा मिनिटं बोलले.

तेवढ्यात बारा नंबरचे नवरा-बायको उभे राहिले. दोघेही शांत, कुणाच्या अध्यात न मध्यात. ‘‘आमचं कार्डच नाही,’’ नवरा म्हणाला. ‘‘सगळा खण पाहिला. अकरानंतर एकदम तेरा. नऊ वर्षं राहतोय आम्ही इथे.’’ त्याची बायको खाली बघत म्हणाली, ‘‘एकही शब्द नाही आमच्यावर.’’ सगळ्या आरोपांत मला हा सर्वांत जास्त लागला.

‘‘आणि दोन नंबर?’’ उंबऱ्यातून बायकोचा आवाज आला. ‘‘तेही वाचलंय मी मघाशी. स्वतःवर सतरा कार्डं. भित्रा, चालढकल्या, बुजरा, पळपुटा. माझ्यावर एक. ‘मोजकं बोलणारी.’ चाळीस वर्षांत एक?’’

‘‘तुला आणखी हवेत?’’

‘‘मोजकेच, पण दोन-तीन हवेत.’’

जिन्यात कुणीतरी हसलं. सेक्रेटरींनी हात वर केला. ‘‘विषयांतर नको. मी ठराव मांडतो की सर्व कार्डं येथेच फाडण्यात यावीत, आणि पत्रलेखनाच्या जबाबदारीतून ग्रंथपालांना...’’

त्याच वेळी बायकोच्या हातातला फोन वाजला. तिने तो कानाला लावला, ऐकलं, आणि बत्तीस वर्षं ज्या आवाजात ती कामावर बोलत होती तो आवाज लावून म्हणाली, ‘‘सर्वांनी थांबावं. चौदा नंबरच्या बाई लाइनवर आहेत. बोला, बाई.’’ तिने स्पीकर चालू करून फोन पायरीवर ठेवला.

‘‘सगळे हजर आहेत का?’’ फोनमधून आवाज आला. माणसं नकळत सरळ बसली. ‘‘मला वर सगळं ऐकू येतंय. दुसरं काम नाही मला. दोन नंबर!’’

‘‘हो बाई.’’

‘‘कार्डं तपासली. मार्क खाली लाल शाईने दिलेत. वाक्यं बरोबर आहेत, वरचे शब्द फुकटचे आहेत. रीत लांबवायची आणि उत्तर सोपं, ही तुमची चूक. ज्याने लिफ्टला लिफ्ट म्हटलं नाही त्याला मी शून्य दिलं असतं, पण ते पत्र माझ्याकडे तपासायला आलं नव्हतं. आता घर क्रमांक चौदा काढा.’’

मी खण ओढला. चौदा नंबरची अकरा कार्डं होती. प्रत्येकावर डोक्यावरचा शब्द आणि व्याख्या लाल रेघेने छाटलेली. उरलेली वाक्यं तेवढी शाबूत.

‘‘मोठ्याने वाचा. मराठीत सांगा सगळ्यांना.’’

मी आयुष्यात चारचौघांत मोठ्याने काही वाचलेलं नाही. शाळेतसुद्धा माझी पाळी आली की मी खोकत असे. तेव्हाही खोकलो.

‘‘खोकला झाला की वाचा,’’ बाई म्हणाल्या.

मी वाचलं. ‘चौथ्या मजल्यावरच्या बाई चौऱ्याण्णव दिवस खाली उतरलेल्या नाहीत.’ मूळ कार्डावर साठ होते, बाईंनी लाल शाईने दुरुस्त केले होते. ‘डॉक्टरांनी त्यांना रोज सपाट रस्त्यावर चालायला सांगितलं आहे. त्या स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत चालतात. ते अंतर सतरा पावलं आहे. बाल्कनीतून त्या शाळेची घंटा ऐकतात आणि तास मोजतात. मंगळवारी त्या बाहेर जायच्या चपला घालून खुर्चीत बसल्या आणि तासाभराने काढून ठेवल्या.’ हे शेवटचं त्यांनी फोनवर माझ्या बायकोला सांगितलं होतं. बायकोने मला सांगितलं, आणि मी, कुठला तरी शब्द लक्षात राहावा म्हणून, कार्डावर लिहिलं होतं. तो शब्द कोणता ते लाल रेघेखाली आता वाचता येत नव्हतं.



‘‘हाच अर्ज आहे,’’ फोनमधून आवाज आला. ‘‘एकाखाली एक उतरवा. वर ‘लिफ्टची तपासणी करावी’ लिहा. मजले अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही. सह्या करा.’’

‘‘पण बाई,’’ सेक्रेटरी म्हणाले, ‘‘यात ‘सविनय निवेदन’ वगैरे...’’

‘‘दहा नंबर, तुमची दोन्ही कार्डं मी वाचलीत. कोणत्याला जागायचं ते ठरवा.’’

‘‘तीन मिनिटं झाली,’’ बायको ट्रंककॉलच्या जुन्या सवयीने म्हणाली आणि फोन उचलला.

सह्यांचं मात्र सोपं नव्हतं. ‘‘आधी आमचं कार्ड फाडा, मग सही,’’ वहिनी म्हणाल्या. इतरांनीही माना हलवल्या. आणि मग मी एक गोष्ट केली, जिची मलाच खात्री वाटत नाही. मी ‘नाही’ म्हणालो.

‘‘कार्ड फाडत नाहीत,’’ मी म्हणालो. ‘‘तसा नियम आहे. एकदा खणात लागलं की लागलं. नवी माहिती आली तर खाली ओळ वाढवता येते.’’

‘‘म्हणजे?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘म्हणजे शिडी आली, तर ‘शिडी आली’ असं मी तारखेसकट लिहीन.’’

वहिनी उठल्या. पाच मिनिटांत शिडी खाली आली, दोन साक्षीदारांसह. मी ओळ वाढवली, त्यांनी शब्दकोशात बघून ती तपासली आणि सही केली. शब्दकोश मात्र परत नेला. यंत्र हलत होतं. ब्रेककाकांनी ‘वीस’चे ‘पंधरा’ करून घेतले. बारा नंबरच्या जोडप्यासाठी मी तिथेच कोरं कार्ड काढलं. काय लिहावं सुचेना, म्हणून त्यांनाच विचारलं. नवरा बायकोकडे बघत राहिला. शेवटी ती म्हणाली, ‘‘लिहा, आमच्याकडे अंगण दिसणारी खिडकी आहे.’’ तेवढंच लिहिलं. दोघांनी सह्या केल्या आणि कार्ड पुन्हा दोनदा वाचलं.

अकरा वाक्यांचा अर्ज गेला. आठव्या दिवशी तपासणी अधिकारी स्वतः दारात. अर्ज त्यांच्या हातात होता. त्यांनी लिफ्ट आधी पाहिली नाही. जिन्याने चौथ्यावर गेले, दम खात बाईंच्या घरात शिरले आणि स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत चालून पाहिलं. ‘‘माझी चौदा पावलं झाली,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्या टांगा लांब आहेत,’’ बाई म्हणाल्या. मग त्यांनी लिफ्ट तपासली, तारा पाहिल्या, दोनदा वर-खाली करून प्रमाणपत्रावर सही केली. सेक्रेटरींनी ते फलकावर लावलं आणि, मान्य करायला हवं, मनातल्या मनात वाचलं.

बाईंना खाली आणायचा समारंभ दुसऱ्या दिवशी दहाला ठरला. सेक्रेटरींनी चार ओळींचं भाषण तयार केलं होतं. ब्रेककाका लिफ्टच्या दाराशी उभे राहून बटणं कशी दाबायची ते सगळ्यांना सांगत होते. दहाला लिफ्ट चौथ्यावर गेली आणि रिकामी परत आली. बाईंच्या दाराला कुलूप होतं. फोन लागत नव्हता.

‘‘पडल्या तर नसतील कुठे?’’ वहिनींनी विचारलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘पोलिसांना कळवलं पाहिजे. ग्रंथपाल, एक पत्र...’’ माझ्या बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मला म्हणाली, ‘‘तुम्ही जा. शाळेच्या बाजूने बघा.’’

शाळेच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, बसथांब्याचा बाक आहे. बाई तिथे बसल्या होत्या. काठी बाजूला टेकलेली. घंटा नुकतीच झाली असावी. आवारातला गलका आत चालला होता.

‘‘बाई, सगळे वाट बघताहेत,’’ मी धापा टाकत म्हणालो. ‘‘भाषण आहे.’’

‘‘म्हणून तर सातलाच उतरले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसा.’’

मी बसलो. दोन बस आल्या आणि गेल्या. दोन्ही चालकांनी आमच्याकडे विचारल्यासारखं पाहिलं, आणि दोन्ही वेळा बाईंनी मानेने नाही म्हटलं. फाटकाचं दार लागलं. रस्ता रिकामा झाला.

‘‘चलायचं का?’’ थोड्या वेळाने मी विचारलं. ‘‘थकला असाल.’’

बाईंनी पाय लांब केले आणि चपलांकडे बघत राहिल्या.

‘‘जाऊ हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता काय, कधीही जाता येतं.’’